तारीख घडते, वर्ष ठरतं

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नोंदीला तीन तारखा असतात. बिलावर छापलेली एक, हिशेबात धरलेली दुसरी, आणि संगणकावर ज्या दिवशी नोंद झाली ती तिसरी. तिन्ही सारख्या असल्या की काम सोपं. पण चाकणच्या चौकात ट्रकांची रांग लागलेली असते. माल शुक्रवारी निघतो, बिल शुक्रवारचंच असतं, गाडी शनिवारी दुपारी गेटवर लागते आणि स्टोअरमधले काका आवक नोंदवतात सोमवारी. मधल्या रविवारी महिना संपला असेल तर तो माल कोणत्या महिन्याचा? आणि तो महिना मार्च असेल तर कोणत्या वर्षाचा?

मी गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात रिपोर्ट तयार करते. राहायला चिंचवड, नोकरी चाकण एमआयडीसी. माझ्या कामाचा मोठा भाग एवढाच आहे की समोर आलेली साधी कॅलेंडरची तारीख कोणत्या आर्थिक वर्षात, कोणत्या तिमाहीत आणि कितव्या महिन्यात बसते ते ठरवायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. कृतीही सोपी आहे. महिन्याच्या आकड्यात ८ मिळवा, १२ ने भागा, उरलेल्या बाकीत १ मिळवा. एप्रिलचे ४ अधिक ८ म्हणजे १२, बाकी शून्य, म्हणून एप्रिल पहिला. मार्चचे ३ अधिक ८ म्हणजे ११, म्हणून मार्च बारावा. जानेवारी ते मार्च असेल तर वर्ष मागचं धरा. झालं.

बरेच जण याहून जवळची वाट घेतात. तारीखच तीन महिने मागे सरकवतात आणि मागे आलेल्या तारखेचा महिना वाचतात. उत्तर बरोबर येतं. पण मे महिन्याच्या शेवटी काय होतं ते पाहा. २८, २९, ३० आणि ३१ मे हे चारही दिवस, लीप वर्ष नसेल तर, २८ फेब्रुवारीवर जाऊन बसतात. महिना बरोबर निघतो, दिवस हरवतो. म्हणून ही सरकवलेली तारीख प्रश्न विचारण्यापुरती वापरायची, कुठेही साठवायची नाही. नव्याने आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच सांगते, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की हे सांगताना मी फक्त संगणकाबद्दल बोलत नसते.

आमच्या पट्ट्यात एकाच मालाला अनेक वर्षं असतात. कंपनी कायदा, २०१३ नुसार भारतातल्या कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. परदेशी मूळ कंपनीच्या हिशेबाशी जुळवून घ्यायचं असेल तर वेगळ्या वर्षासाठी परवानगी मागावी लागते. जर्मनांचं वर्ष बहुधा जानेवारीत सुरू होतं. जपानमध्ये सरकारचं वर्ष १८८६ पासून एप्रिल ते मार्च आहे, तिथल्या पुष्कळ कंपन्याही तेच पाळतात, म्हणून त्यांच्याशी आमचं जमतं. पण नावात घोळ होतोच. आपण ज्याला २०२५-२६ म्हणतो ते त्यांच्या लेखी २०२५ आणि अमेरिकन पद्धतीने २०२६. काही अमेरिकन कंपन्या तर महिनाच मानत नाहीत. चार आठवडे, चार आठवडे, पाच आठवडे अशी तिमाही करतात. ५२ आठवड्यांचे ३६४ दिवस होतात, म्हणून दर पाच-सहा वर्षांनी एक ५३ वा आठवडा घालावा लागतो. आमच्या प्रेसमधून एका मंगळवारी निघालेला दरवाज्याचा पत्रा एका वहीत चौथ्या तिमाहीचा, दुसऱ्या वहीत पहिल्या तिमाहीचा आणि तिसऱ्या वहीत पुढच्या वर्षाचा. पत्रा तोच, मंगळवारही तोच.

मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे एका ३१ मार्चच्या रात्री प्रश्न उघडा पडला. वर्षाच्या लक्ष्यात बसायला एक गाडी कमी पडत होती. माल तयार होता, पण पॅकिंगला वेळ लागला आणि गाडी गेटबाहेर पडली तेव्हा बारा वाजून गेले होते. प्लांटचे साहेब माझ्याकडे आले. म्हणाले, ‘मॅडम, अर्ध्या-पाऊण तासाचा प्रश्न आहे. तारीख तेवढी मागची घ्या. ३१ मार्च संपला हे सूर्याला तरी ठाऊक आहे का?’

हा माणूस लबाड नव्हता. कंत्राटी मुलांचा इन्सेंटिव्ह मार्चच्या आकड्यावर अवलंबून होता आणि ती मुलं दोन पाळ्या सलग उभी होती. साहेबांचा प्रश्नही खोटा नव्हता. निसर्गात ३१ मार्च कुठे आहे? त्या रात्री मी गेटच्या रजिस्टरची तारीख ठेवली, पण त्यांना द्यायला उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ते मी नंतर शोधत गेले.

आपल्या दर्शनांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. वैशेषिकांच्या मते काळ हे द्रव्य आहे, एकच, नित्य आणि सर्वव्यापी. क्षण, दिवस, महिना, वर्ष हे त्याचे खरे तुकडे नव्हेत. सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे आपण तसं बोलतो. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य याच्या उलट बाजूने येतं. तिथे क्षण खरा मानला आहे, पण क्षणांची जुळणी करून आपण जो दिवस-रात्र नावाचा काळ उभा करतो त्याला वस्तू म्हणून अस्तित्व नाही, तो बुद्धीने घडवलेला आहे. एकाला अखंड काळ खरा वाटतो, दुसऱ्याला सुटा क्षण. दोघांचं एकमत मात्र माझ्या कामाच्या मुळावर येणारं आहे: मधलं जे काही आहे, महिना, तिमाही, वर्ष, ते आपलं. म्हणजे साहेबांच्या बाजूला वैशेषिकांचे कणादही होते आणि व्यासही.

इतिहासही त्यांच्याच बाजूचा. मराठेशाहीच्या कागदांवर सुहूर सन असतो. त्याचं वर्ष सूर्य मृगात शिरतो तेव्हा, जूनच्या पहिल्या आठवड्यात, सुरू व्हायचं. म्हणून लोक त्याला मृगसाल म्हणत. पेरणीला हात घालायचा तेव्हा वसुलीची नवी वही. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. दोनांपैकी कोणता आकडा घ्यायचा ते तारीख जानेवारीच्या अलीकडची की पलीकडची यावर ठरतं. पेशवे दफ्तर वाचणारा संशोधक जंत्री उघडून जे करतो तेच मी करते. इंग्रजी सरकारचं इथलं आर्थिक वर्ष आधी १ मे ते ३० एप्रिल होतं. १८६७ मध्ये ते लंडनशी जुळवून १ एप्रिलला आणलं. त्यात आपला पाऊस नव्हता, पेरणी नव्हती, आणि हे अनेकांना खुपत राहिलं. १९८५ मध्ये एल. के. झा समितीने जानेवारीत वर्ष सुरू करावं असं सुचवलं, पावसाळा कसा गेला ते कळल्यावर अंदाजपत्रक मांडता यावं म्हणून. सरकारने ते स्वीकारलं नाही. २०१६ मध्ये शंकर आचार्य समिती नेमली गेली. मार्च आहे तिथेच आहे.

आमचे अण्णा खेड तालुक्यात तलाठी होते. त्यांचं वर्ष १ ऑगस्टला सुरू व्हायचं. महाराष्ट्राचं महसुली वर्ष आजही १ ऑगस्ट ते ३१ जुलै आहे. म्हणजे ज्या चाकणमध्ये कारखान्याचं वर्ष एप्रिलमध्ये उघडतं, त्याच चाकणमध्ये कुंपणापलीकडच्या वावराचं वर्ष ऑगस्टमध्ये उघडतं. जमीन संपादित झाली, बिगरशेती झाली, तिच्यावर शेड उभी राहिली, पण तिच्या दप्तराने वर्ष बदललं नाही. अण्णा जुलैअखेर उशिरापर्यंत बसायचे आणि घरात आम्ही रेडिओ बंद ठेवायचो. ‘साल संपतंय’ असं आई सांगायची. बाहेर पाऊस कोसळत असायचा आणि कोणाचं साल संपतंय ते लहानपणी कळायचं नाही.

मग काय? सीमा बनवलेली आहे, सरकवता येते, ठिकठिकाणी वेगळी आहे. तर ती ओलांडली म्हणून काय बिघडतं?

मला उत्तराचा धागा धर्मशास्त्रात सापडला, तोही अगदी कारकुनी म्हणावा अशा ग्रंथात. कमलाकर भट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ मधला. पैठणहून काशीला गेलेल्या घराण्यातले हे पंडित. ग्रंथाचा फार मोठा भाग एकाच प्रकारच्या अडचणीत गुंतलेला आहे: तिथी कधीही सुरू होते आणि कधीही संपते, माणसाचा दिवस मात्र सूर्योदयापासून चालतो, मग कोणतं कर्म कोणत्या दिवशी करायचं? सरसकट एकच नियम तिथे नाही. कुठे सूर्योदयाची तिथी, कुठे प्रदोषाची, कुठे मध्यरात्रीची. कर्म कोणतं आहे त्यावर नियम ठरतो. २०२४ च्या दिवाळीत हे सगळ्यांनी पाहिलं. अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपली. उत्तरेत अनेकांनी ३१ ला पूजन केलं, सोलापूरच्या दाते पंचांगाने १ नोव्हेंबर दिला आणि महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन त्या दिवशी झालं. दोन्हीकडे पंचांग उघडून, नियम सांगून निर्णय झाला. आमच्या देहू-आळंदीकडे तर हे दर काही महिन्यांनी घडतं. स्मार्त एकादशी एका दिवशी, भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी, आणि वारकरी शांतपणे आपली पाळतो.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शास्त्रकारांनी नियम पाहिजे तितके केले, पण तिथी सरकवली नाही. दोन गटांत वाद झाला तो दिवस कोणता धरायचा याचा. अमावास्या कधी लागली याबद्दल कोणी सोयीचं सांगितलं नाही. घडलेलं एका बाजूला, ठरवलेलं दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींच्या मध्ये उघडपणे सांगितलेला नियम. माझ्या कामालाही हेच लागू आहे. जीएसटीला बिलाची तारीख महत्त्वाची, विक्रीच्या हिशेबाला मालावरचा ताबा कधी गेला ते, साठ्याच्या मोजणीला माल प्रत्यक्ष आत कधी आला ते. तीन कामं, तीन नियम. पण तिघांच्या खाली गेटचं रजिस्टर एकच.

अधिक महिन्याचंही तसंच. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक. २०२३ मध्ये श्रावण असा दोनदा आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण. आमच्या हिशेबाच्या प्रणालीतही बारा महिन्यांनंतर तेरावा, चौदावा, पंधरावा, सोळावा असे चार जास्तीचे कालखंड ठेवलेले असतात. कॅलेंडरवर ते नाहीत. ऑडिटरने सुचवलेल्या दुरुस्त्या त्यांत घालतात, म्हणजे वर्षाचा आकडा सुधारतो आणि खरा मार्च जसा होता तसा दिसत राहतो. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही आपली म्हण वैतागाची आहे, पण मला हा तेरावा महिना प्रामाणिकपणाची सोय वाटतो. चूक सुधारायला वेगळी जागा दिली की जुनं पान खोडावं लागत नाही.

आता साहेबांचं वाक्य. सूर्याला ३१ मार्च ठाऊक नाही हे खरं. पण त्यामुळेच तो पाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते. मकरसंक्रांत आपण मानली नाही तरी सूर्य मकरेत जाईलच. अमावास्येला आपल्या प्रामाणिकपणाची गरज नाही. ३१ मार्चला आहे. त्या तारखेमागे आकाशातलं काहीच उभं नाही. बँक, कामगार, पुरवठादार, सरकार, दूरच्या गावातला शंभर शेअर घेतलेला निवृत्त मास्तर, या सगळ्यांनी मिळून दिलेल्या शब्दावर ती टिकली आहे. निसर्गाची सीमा मोडायचा प्रयत्न केला तर फजिती फक्त मोडणाऱ्याची. ठरवलेली सीमा गुपचूप मोडली तर फसतात ते तिच्यावर विसंबलेले. त्या मास्तरांनी मार्चचा आकडा वाचताना धरलेलं असतं की इथे बसणाऱ्या बाईने गेटचं रजिस्टर पाहिलं आहे. बुद्धीने घडवलेल्या गोष्टीला धर्म लागत नाही असं नाही. उलट धर्म जिथे खरोखर लागतो ती हीच जागा आहे.

सीमा शब्दावर टिकते याला आणखी एक पुरावा आहे. १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र १८७९ शकाला, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. विषुवदिनाला धरून चालणारं वर्ष, खगोलाच्या दृष्टीने १ एप्रिलपेक्षा कितीतरी अधिक पायाशुद्ध. ती राजपत्रावर छापली जाते. पण भोसरीतल्या एकाही लहान वर्कशॉपने तिच्यावर वही बंद केल्याचं मी पाहिलेलं नाही. साहांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि हे लिहिताना वाईटही वाटतं. पण सीमा सूर्याला जवळची असणं पुरत नाही, ती लोकांनी आपापसात कबूल केलेली असावी लागते.

आणि मग एकनाथ. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबाचं काम नाथांकडे होतं. ताळ्यात एका पैची चूक निघत होती, ती शोधत ते रात्रभर बसले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही परंपरेने सांगितलेली गोष्ट. गुरू जागे झाले आणि म्हणाले की एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा होईल. कीर्तनात ही कथा बहुतेक वेळा दुसऱ्या अर्ध्यासाठी सांगतात, हिशेब क्षुद्र आणि परमार्थ थोर म्हणून. मला तसं वाटत नाही. जनार्दनस्वामींनी हिशेब सोड असं म्हटलेलं नाही. ज्याला सुटलेली पै झोपू देत नाही त्याच्याच हाती पुढचं देता येईल, हे त्यांनी त्या रात्री ओळखलं. नाथांना ती पै कुठूनही भरून ताळा जुळवता आला असता. एक पै तर होती, कोणी पाहत नव्हतं.

तुकोबांची गोष्ट याच्या उलटी वाटते, पण नाही. घरात महाजनकी होती. लोकांकडून येणं असलेली खतं त्यांनी पुढे काढली, अर्धी भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. म्हणजे येणं माफ केलं, सगळ्यांसमोर, स्वतःचं नुकसान करून. खतावरची तारीख किंवा आकडा बदलून कोणाला सूट दिली नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी बुडीत खात्याची नोंद केली. जिच्या पाण्यात ती गेली ती इंद्रायणी आमच्या औद्योगिक पट्ट्यातूनच वाहते.

माफी आणि खोटेपणा यांतला हा फरक त्या साहेबांनाही पुढे उमगला असावा. काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांनी वर लेखी विनंती केली, दोन पाळ्यांची हजेरी जोडली आणि मुलांचा इन्सेंटिव्ह विशेष बाब म्हणून मंजूर करून आणला. माझ्या रिपोर्टमध्ये ती गाडी एप्रिलचीच राहिली, खाली टीप आली. मुलांना पैसे मिळाले. तारखेला कोणी हात लावला नाही. दयेला आडवाट लागत नाही हे मी त्या कागदावर पाहिलं.

आता आयकराची भाषाही बदलते आहे. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू, आणि त्यात मागील वर्ष व आकारणी वर्ष ही जोडी जाऊन एकच ‘कर वर्ष’ येतं. दोन वर्षांतला फरक समजावण्यात माझ्यासारख्यांची उमेद गेली, त्यामुळे मला हे आवडलं. उद्या कोणी सरकार वर्ष जानेवारीत नेईल किंवा एखादा नवा मालक आमच्यावर ५२ आठवडे लादेल, तेही करू.

या पट्ट्यात नव्याने रिपोर्टच्या कामाला लागणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. वर्ष, तिमाही, कालखंड यांचा तक्ता वेगळा ठेवा. तो बदलत राहील, त्याला बदलू द्या. ज्या रकान्यात गेटवरच्या माणसाने लिहिलेली मूळ तारीख आहे त्यावर दुसरं काही लिहू नका, आणि कोणी तशी आज्ञा दिली तर ती लेखी मागा.